बॉनेट उघडायचे कोणी?

आमच्या घरासमोर एक पांढरी टाटा सुमो उभी असते. २००३ सालची, डिझेलची, टर्बो नसलेली. आम्ही दोघा भावांनी ती २०११ मध्ये जालन्यातल्याच एका कंत्राटदाराकडून सेकंडहँड घेतली. त्या वेळी थोरला नुकताच शाळेवर लागला होता आणि धाकट्याची बँकेतली नोकरी पक्की झाली होती. आमच्या घराण्यात आलेले हे पहिले चारचाकी वाहन. सहा डिसेंबरला दादर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव, लग्ने, मयती, निवडणुकीची पत्रके, एकदा रात्री दोन वाजता वस्तीतल्या बाळंतिणीला दवाखान्यात, हे सगळे या गाडीने केले आहे. किलोमीटरचा आकडा दोन लाख नव्वद हजारांवर असताना मीटरच बंद पडला. त्यानंतरचे आम्ही मोजलेले नाही.

चळवळीतले मित्र विचारतात, हे धूड अजून कशाला सांभाळता? विका, हप्त्यावर नवी घ्या. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. सुमोचे उत्पादनच २०१९ मध्ये थांबले. (जाता जाता सांगायचे तर, सुमो म्हणजे जपानी पैलवान असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात सुमंत मुळगावकर यांच्या नावातला 'सु' आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला 'मो' यांवरून हे नाव १९९४ मध्ये आले.) पण गाडी का विकली नाही यापेक्षा आम्हाला दुसरेच काही सांगायचे आहे. बॉनेट उघडून आत हात घालणे हे आपल्या शिकलेल्या पोरांना कमीपणाचे का वाटते? आम्हाला हे विचारण्याचा अधिकार आहे, कारण २०१७ पर्यंत आम्हालाही ते तसेच वाटत होते.

आमचे वडील, आबा, एका सरकारी वर्कशॉपात हेल्पर होते. एकतीस वर्षे. त्यांतली पहिली अकरा वर्षे त्यांनी फक्त पार्ट धुतले. रॉकेलच्या ट्रेमध्ये गिअर, बेअरिंग, व्हॉल्व्ह घासायचे, पुसायचे, ओळीत मांडायचे. त्या वर्कशॉपात डिझेल पंपाची खोली वेगळी होती. पंपाच्या कामाला धूळ चालत नाही, म्हणून तिला काचा आणि बंद दार. आत दोन मिस्त्री बसत. दार धुळीसाठी बंद असायचे हे खरेच, पण आबांसाठी ते धुळीपेक्षा जास्त घट्ट बंद असायचे. धुतलेला पंप आत नेऊन द्यायचा नाही, पायरीवर ठेवायचा. आतला माणूस येऊन उचलून नेणार. बाकीचे हेल्पर आत जाऊन चहा पीत. आबा काचेतून बघत. बघून बघून त्यांना पंपाचे काम येऊ लागले, पण कागदावर ते कधी आले नाही. शेवटच्या काही वर्षांत साहेब बदलले तेव्हा अडलेली गाडी आधी आबांकडे यायची आणि सही दुसऱ्याची व्हायची.

हे आबांनी आम्हाला कधी सांगितले नाही. त्यांच्या माघारी आईने सांगितले.

आबांची हत्यारांची लोखंडी पेटी खाटेखाली असायची, कुलूप लावून. धाकटा सातवीत असताना त्याने ती उघडून एक रिंग पाना खेळायला घेतला होता. आबांनी आयुष्यात एकदाच हात उचलला, तो त्या दिवशी. म्हणाले, "पेन धर. हे माझ्यापाशीच संपलं पाहिजे." आम्ही पेन धरले. थोरला एम.ए. बी.एड., धाकटा एम.कॉम. आबा चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही. २०११ ते २०१६ या पाच वर्षांत सुमोचा एक नटही त्यांनी आमच्या हाताला लागू दिला नाही. रविवारी ते गाडीखाली आणि आम्ही दोघे चहा घेऊन बाजूला उभे. जून २०१६ मध्ये आबा गेले. पेटी खाटेखालीच राहिली.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रात्री आम्ही दीक्षाभूमीला निघालो. आई, दोघांच्या बायका, तीन लेकरे, शेजारचे दोन म्हातारे, आम्ही दोघे. समृद्धी महामार्ग तेव्हा नव्हता. सिंदखेडराजा, मेहकर, मालेगाव, कारंजा असा जुना रस्ता. मेहकर सोडल्यावर गाडी चढाला दम तोडू लागली. मग झटके. मग बंद. सेल्फ मारला की फिरायची, पण पेटायची नाही. आम्ही बॉनेट उघडले आणि मोबाइलचे उजेड आत धरले. दोन पदव्युत्तर माणसे, आणि समोर काय आहे ते आम्हाला ठाऊक नव्हते. ज्याला पंप म्हणतात तो नेमका कुठला हेसुद्धा नाही. आई मागच्या सीटवर गप्प बसून होती. तिच्या मनात काय चालले असेल ते आम्हाला त्या अंधारातही कळत होते.

तासाभराने एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा पोरगा विशी-बाविशीचा. आमचे शर्ट बघून आधी "काय झालं साहेब?" म्हणाला. मग पुढच्या काचेवरचा निळा झेंडा बघून "जयभीम दादा" म्हणाला आणि ट्रॅक्टरच्या पेटीतून दोन पाने घेऊन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "फिल्टर कधी बदलला?" आम्ही एकमेकांकडे बघितले. वर्षभर, कदाचित त्याहून जास्त, फिल्टरला कोणी हात लावलेला नव्हता. त्याने फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल केला, तळहातावर घेतले आणि बोटांनी घासून दाखवले. डिझेल बुळबुळीत लागते, पाणी लागत नाही. हाताला आधी नुसते पाणीच आले. मग त्याने टाकीकडून येणारा रबरी पाइप बोटांनी चाचपला. क्लिपपाशी तो चिरला होता. बाहेर डिझेल गळत नव्हते म्हणून कोणाला दिसले नसते, पण तिथून पंप हवा ओढत होता. त्याने चिरलेले दोन इंच ब्लेडने कापून टाकले, पाइप पुन्हा बसवून क्लिप आवळली, फिल्टरवरचा एअरचा बोल्ट सैल केला आणि हातपंप मारू लागला. आधी नुसता फेस. मग फेसात डिझेल. मग फेस संपला आणि सलग धार आली, तशी पंप मारता मारताच त्याने बोल्ट आवळला. "दिवा नीट धर गं बाई," तो थोरल्याच्या नऊ वर्षांच्या पोरीला म्हणाला. आमचे मोबाइल हलत होते, तिचा हलत नव्हता.

तिसऱ्या सेल्फला गाडी पेटली.

पैसे पुढे केले तर त्याने हात मागे घेतला. "नागपूरला चालले का? मालकाचं ट्रॅक्टर हाये, नाहीतं मीबी आलो असतो." एवढे म्हणून तो गेला. शिक्षण विचारले होते, आठवी म्हणाला. नाव विचारायचे राहिले, याची खंत आजही आहे.

नागपूरहून परतल्यावर आम्ही गाडी गावातल्या एका गॅरेजला दाखवली. तिथे पंप उतरवावा लागेल, नोझल बदलावे लागतील, अठरा हजार, असे सांगितले गेले. ट्रॅक्टरवाल्या पोराने दोन इंच पाइप कापून गाडी चालू केली होती हे आमच्या डोळ्यांसमोर नसते तर आम्ही अठरा हजार मोजलेच असते. आम्ही गाडी परत आणली. नवा रबरी पाइप, चार क्लिपा आणि एक फिल्टर आणला. आईने आबांच्या पेटीची किल्ली तिच्या पेटीतून काढून दिली. न मागता दिली.

इथून पुढे आम्ही शिकलो ते सगळे सांगत बसलो तर लेख संपायचा नाही. पण डिझेल इंजिनाबद्दल एक गोष्ट मित्रांना सांगितलीच पाहिजे, कारण ती कळली की निम्मी भीती जाते. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी लागते. डिझेलला लागत नाही. डिझेल इंजिन नुसती हवा आत घेते, ती इतकी दाबते की ती लालभडक तापते, आणि मग त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की ते आपोआप पेटते. म्हणजे जुन्या, साध्या डिझेल इंजिनाला चालायला तीनच गोष्टी लागतात. वेळेवर डिझेल, पुरेशी हवा आणि पुरेसा दाब. सेल्फ जोरात फिरतो आहे आणि गाडी पेटत नाही, म्हणजे बॅटरीला दोष देऊ नका, डिझेल कुठे अडले ते टाकीपासून पंपापर्यंत क्रमाने बघत या. पेटून लगेच बंद पडते, तर बहुधा हवा शिरली आहे. थंडीत सकाळी पेटायला कुरकुर करते आणि पांढरा धूर सोडते, तर हीटर प्लग बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणून आधी एअर फिल्टर काढून झटका. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळते आहे, आणि तिथे मात्र खिशाची तयारी ठेवावी लागते.

यात चमत्कार कुठेच नाही. कारण असते, त्याचा परिणाम असतो, आणि कारण सापडले की परिणाम थांबतो. ज्याच्याकडून गाडी घेतली त्याने बंपरला लिंबू-मिरची बांधली होती. आबांनी पहिल्याच दिवशी ती तोडून फेकली आणि त्याच दोऱ्याने एक लोंबकळणारी वायर बांधली.

आमच्याकडच्या पाण्याबद्दल थोडे जास्त बोलायला हवे. जालना जिल्ह्यात बोअरचे पाणी जड. ज्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर चढतो तेच पाणी लोक रेडिएटरमध्ये ओततात. आम्हीही ओतत होतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो आणि उन्हाळ्यात अजिंठ्याचा घाट चढताना काटा लाल रेघेकडे सरकतो. २०१९ च्या मे महिन्यात हे आमच्यासोबत झाले. धाकटा उतरून रेडिएटरचे झाकण उघडायला निघाला होता, आईने ओरडून थांबवले. आबा नेहमी ओरडायचे म्हणून तिला ठाऊक होते. तापलेल्या रेडिएटरमधले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल झाले की वाफ तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबायचे, वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका निवू द्यायचा, मग फडके धरून झाकण हळूहळू फिरवायचे. घरी येऊन आम्ही रेडिएटर काढून साफ करून घेतला, समोरच्या जाळीत अडकलेले किडे आणि चिखल मागच्या बाजूने पाणी मारून काढले, आणि तेव्हापासून कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असेच भरतो. बॅटरीतही नळाचे पाणी नाही. डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन एका दवाखान्याच्या बिलापुढे काहीच नाही, पण गाडीला पाणी विकत घेऊन पाजायचे हे आमच्या माणसांना पचत नाही. प्यायचे पाणी टँकरचे असताना कसे पचेल?

चुकाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा लेख बढाईचा होईल. पहिल्यांदा ऑईल बदलले तेव्हा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. ती न बघता आम्ही तिच्यावर नवा फिल्टर त्याच्या रिंगेसह बसवला. दोन रिंगा एकमेकींवर धरत नाहीत. गाडी चालू केली आणि मिनिटभरात ताजे ऑईल गल्लीभर. शेजारच्या मावशींनी राखेची पाटी आणून ओतली आणि वर म्हणाल्या, "तुमचे आबा असते तर एक थेंब सांडला नसता." दुसऱ्या वेळी ऑईल चेंबरचा बोल्ट जोर लावून आवळला आणि आटे खराब केले. तेव्हापासून कळले की पाना लांब असतो तो जोर वाढवण्यासाठी, म्हणून आवळताना हात अलीकडे धरायचा. एकदा रात्री सेल्फ नुसता 'टक' करून थांबायचा. बॅटरी बदला, सेल्फ बदला, असे दोन वेगवेगळे सल्ले मिळाले. साडेतीनशे रुपयांच्या मल्टीमीटरने बघितले तर बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. दोष होता इंजिनाला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलमध्ये. तिच्या बोल्टखाली गंज होता. सँडपेपरने घासला, संपले. गाडी चालू असताना तोच मीटर १३.८ ते १४.४ दाखवतो तोवर अल्टरनेटर बरा, हेही तेव्हाच शिकलो.

आता मुद्द्याकडे येतो.

आमचे काही मित्र या सगळ्यावर नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. ते म्हणतात, पिढ्यानपिढ्या आपल्याला घाण काम, हाताचे काम करायला लावले, त्यातून बाबासाहेबांनी बाहेर काढले, आणि तुम्ही पुन्हा पाना हातात द्यायला निघालात? उद्या सरकार म्हणेल, यांना शिष्यवृत्ती कशाला, गॅरेज टाकून द्या. ही भीती खरी आहे. परंपरागत धंद्याचे आणि श्रमाच्या पावित्र्याचे गोडवे गाणाऱ्यांना स्वतः ते श्रम करायचे नसतात, हे आपण पुरते ओळखून आहोत.

पण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात नेमके काय दाखवून दिले? जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्यांचीही वाटणी आहे, आणि तीही एकावर एक अशा पायऱ्यांची. आबांच्या वर्कशॉपातली ती काचेची खोली आठवा. काम एकच, पंप एकच. एकाने तो धुवायचा आणि दुसऱ्याने तो जाणायचा. धुणाऱ्याने जाणायचे नाही. आपल्याला तिथे नाकारले गेले ते काम नव्हते, काम तर भरपूर दिले होते. नाकारली गेली ती त्या कामातली विद्या. मग आपण पदव्या घेतल्यावर ती विद्या हलकी ठरवून स्वतःहून सोडून द्यायची, हे कुठले शहाणपण? असे केले तर त्या खोलीचे दार आपणच बाहेरून लावून घेतो.

आणि यंत्राबद्दल म्हणाल तर, १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. माणसाला ढोरमेहनतीतून फुरसत मिळाली तरच संस्कृती शक्य आहे आणि ती फुरसत यंत्रच देऊ शकते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चरख्याच्या काळात असे म्हणायला धाडस लागत होते. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी यंत्र वापरावे, पण त्याच्या आत काय चालते ते दुसऱ्याने ठरवावे, हे आम्हाला पटत नाही. ज्याला आतले कळते त्याला फसवणे अवघड जाते. अठरा हजारांचे उदाहरण आम्ही वर दिलेच आहे.

आम्ही कोणाला गॅरेज टाका असे म्हणत नाही. टाकायचे त्याने टाकावे, त्यात कमीपणा नाही, पण तो वेगळा विषय. आम्ही म्हणतो ते एवढेच की घरात गाडी आहे, ट्रॅक्टर आहे, बोअरची मोटर आहे, तर तिचे झाकण उघडून बघण्याची लाज सोडा. मुलींनीही. विशेषतः मुलींनी.

दोन गोष्टी मात्र आम्ही स्वतः करत नाही. ब्रेकचे काम आम्ही ओळखीच्या मिस्त्रीकडूनच करून घेतो. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचे, कारण ते हवेतली ओल धरते, हे आम्ही लक्षात ठेवतो, पण मास्टर सिलिंडर उघडत नाही. चुकीचा फिल्टर बसवला तर गाडी थांबत नाही, बंद पडते. ब्रेकचे उलटे आहे. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. जॅक घसरतो. लाकडी ठोकळे किंवा लोखंडी घोडी लावूनच खाली जायचे. रस्त्याकडेला फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली झोपलेली पोरे आम्ही रोज बघतो आणि ती बहुधा आपलीच असतात. त्यांना तसे झोपवणारा मालक घोडीचे पाचशे-सातशे रुपये वाचवत असतो.

आणखी एक इशारा. ट्रॅक्टरवाल्या पोराची पद्धत आमच्या गाडीला चालते, कारण तिचा पंप जुन्या धाटणीचा. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत नोझलकडे जाणाऱ्या पाइपातला दाब हजार बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा तो नट सैल केला तर सुटलेली बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून सुईएवढे छिद्र दिसते आणि आत हात सडतो. नव्या गाडीच्या त्या पाइपांना हात लावू नका, वरचे बाकी सगळे करा.

धुराचे आणि काळ्या ऑईलचेही बोललेच पाहिजे. जुनी डिझेल गाडी धूर जास्त सोडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण हायवेला, स्टँडला, चौकाला लागून कोणाच्या वस्त्या असतात? आमच्या गाडीचा काळा धूर सर्वांत आधी आमच्याच लेकरांच्या छातीत जातो. म्हणून एअर फिल्टर आणि नोझल यांची काळजी आम्ही पीयूसीच्या कागदासाठी घेत नाही. २०१८ मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा आरटीओत पुनर्नोंदणी झाली, २०२३ मध्ये पाच हजार फी भरून दुसऱ्यांदा झाली. ज्या दिवशी कितीही करून धूर आटोक्यात येणार नाही त्या दिवशी गाडी भंगारात देऊ, आईलाही हे सांगून ठेवले आहे. तिने अजून हो म्हटलेले नाही.

आणि काढलेले ऑईल. आमच्या गल्लीत पूर्वी सगळेच ते गटारात ओतत. आम्हीही पहिल्या वेळी ओतायला निघालो होतो. मग थोरल्याच्या तोंडून निघाले, "या गटारात उद्या उतरणार कोण?" हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, तरीही गटारात माणूस उतरवला जातो, आणि तो कोण असतो ते या लेखाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून काळे ऑईल आम्ही पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो आणि ऑईल विकत घेणाऱ्याला देतो. गल्लीतल्या चार गाड्यांचे ऑईलही आता आमच्याच कॅनमध्ये जमा होते. पत्रके वाटून हे झाले नव्हते.

थोरल्याची ती पोरगी आता सतराची आहे. दसऱ्याला पुन्हा नागपूर ठरले आहे आणि गेल्या आठवड्यापासून सकाळी गाडी पेटायला त्रास देते आहे. तिने हीटर प्लगवरची पट्टी काढली, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरे टोक एकेका प्लगला टेकवले. एक, दोन आणि चार पेटले. तीन पेटला नाही. नवा प्लग आणून ठेवला आहे, पण जुना जागचा हलत नाही. धाकट्याने पान्याला पाइप लावून जोर करायची तयारी केली तेव्हा तिनेच अडवले. "काका, जोर लावू नका. प्लग हेडमध्ये तुटला तर हेड उतरवावं लागंल." खरे आहे. दोन दिवस झाले, प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे ऑईल सोडून ठेवले आहे. रविवारी इंजिन गरम करून पुन्हा बघणार आहोत.